मदत हवी आहे: कोयनेचा पाऊस आणि भूकंप यांचं नातं मुलांना कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यातल्या शाळेत नववीला भूगोल शिकवते. आमच्याकडे घरोघरी 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेची आठवण आहे. 6.3 तीव्रतेचा धक्का होता. माझ्या सासूबाई अजूनही दाराला कडी न लावता झोपतात.

मुलं विचारतात, "बाई, पावसानं भूकंप होतो का?" प्रश्न अगदी रास्त आहे. पावसाळ्यात शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरतो आणि त्यानंतरच्या महिन्यांत धक्के वाढलेले दिसतात. ताण मुळात भूगर्भातला, भ्रंशावर, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात त्या भेगेवर, आधीच साठलेला. पाण्याचं वजन वरून दाबतं, आणि भेगांमधून मुरलेल्या पाण्याचा दाब खडकांची एकमेकांवरची पकड सैल करतो. वजनाचा परिणाम लगेच होतो, दाब खोलवर पोचायला मात्र वेळ लागतो. इथपर्यंत मला समजावता येतं.

अडचण प्रयोगाची आहे. उतरत्या फळीवर एकावर एक दोन विटा ठेवल्या, फटीत पाणी सोडलं. एकदा वरची वीट सरकली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या चारही वेळा ढिम्म! वीटच पाणी पिऊन टाकते, असं मला वाटतं. विटेऐवजी काय वापरू? सिरिंजनं खालून दाब देता येईल का?

शिवाय धरणाची महिनावार पाणीपातळी आणि धक्क्यांच्या नोंदी कुठे मिळतील? मुलांकडून आलेख काढून घ्यायचा आहे. कुणी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा, फोटो असतील तर फारच उत्तम.