इंटेल-एनव्हिडिया एकत्र आले म्हणून पीसी गेमिंगला चांगले दिवस येणार? मला पटत नाही

फुलेवाडीकर:
काल आपल्या पीसी ग्रुपवर एकानं लांबलचक लिहिलं. एनव्हिडियानं सप्टेंबर २०२५ मध्ये इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं, इंटेलच्या प्रोसेसरला आरटीएक्सचा, म्हणजे एनव्हिडियाच्या गेमिंग कार्डांच्या मालिकेचा, ग्राफिक्स भाग जोडून चिप निघणार, म्हणजे हार्डवेअरवाले भांडणं सोडून एकत्र आले, आता पीसी गेमिंगचं भलं होणार, असा सगळा सूर. खाली नुसता अंगठ्यांचा पाऊस. माझ्या डोक्यातनं ते जाईना, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

एकत्र बसायचा प्रयोग आधी होऊन गेलाय. २००८ ला पीसी गेमिंग अलायन्स निघाली होती. इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, मायक्रोसॉफ्ट, डेल, एपिक, सगळे एका मांडवात. पुढं नाव बदलून ओपन गेमिंग अलायन्स झालं. तुमच्यापैकी कुणाच्या मशीनवर त्यांच्या कामाची एक तरी खूण आहे काय? त्याच काळात पीसीवर गेम विकत घेऊन खेळायची सवय लोकांना लावली ती व्हॉल्व कंपनीच्या स्टीम या ऑनलाइन दुकानानं, आणि ती कुठल्या समितीला विचारून नाही.

इंटेल आणि एएमडीची सोयरीकही बघून झाली. २०१८ ची केबी लेक-जी ही चिप आठवा. एकाच पॅकेजवर इंटेलचा प्रोसेसर आणि एएमडीचा रेडिऑन वेगा हा ग्राफिक्स भाग. २०१९ ला इंटेलनं ते गुंडाळत असल्याचं सांगितलं. ज्यांनी ती मशीन घेतली ते ड्रायव्हरसाठी, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, इकडं बघू का तिकडं बघू करत बसले.

आणि रॅमवाले एकत्र आले तेव्हा काय झालं ते तर अमेरिकेच्या कोर्टातच आहे. १९९९ ते २००२ या काळात संगनमतानं भाव ठरवले म्हणून सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड, हायनिक्सला साडेअठरा कोटी, इन्फिनिऑनला १६ कोटी. मायक्रॉननं तपासात मदत केली म्हणून सुटली. ह्यालाही सहकार्यच म्हणायचं का?

कंपन्या एकमेकांच्या उरावर बसतात तेव्हाच आपल्या पदरात काहीतरी पडतं. माझं स्पष्ट मत आहे.

उद्यमनगर_मिस्त्री:
फुलेवाडीकर, तुम्ही फक्त मोडलेली लग्नं मोजलीत. टिकलेली मोजा.

मी गेम खेळायला लागलो तेव्हा साउंड कार्ड घातलं की आयआरक्यू आणि डीएमएचे, म्हणजे कुठलं कार्ड कुठल्या लाइनीवर बोलणार त्याचे, आकडे हातानं जुळवायला लागायचे. आवाज आला तर मोडेम बंद पडायचा, मोडेम लागला तर आवाज जायचा. जॉयस्टिकचं भोक साउंड कार्डावर असायचं. थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू कार्ड असेल तर तिच्या ग्लाइड या सॉफ्टवेअरवर गेम झकास, दुसऱ्या कंपनीचं असेल तर तोच गेम चौकोनी ठिपक्यांत. थ्रीडीएफएक्सनं ग्लाइड स्वतःजवळ दाबून धरलं आणि २००० साली सगळा माल एनव्हिडियाच्या दारात गेला. कार्ड घेतलेल्या माणसाच्या हातात काय राहिलं?

आज तुम्ही कुठल्याही कंपनीचा माउस खुपसता आणि चालतो. यूएसबी १९९६ ला आलं, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी, नॉर्टेल अशा सात कंपन्यांनी मिळून. पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे बोर्डवर कार्ड बसवायचा स्लॉट, सगळ्यांच्या सामाईक संस्थेतनं येतं, म्हणून एएमडीच्या बोर्डवर एनव्हिडियाचं कार्ड बसतं. एटीएक्स या बोर्डाच्या मापाचा आराखडा इंटेलनं १९९५ ला काढला आणि बाकीच्यांनी उचलला, म्हणून तुमच्या जुन्या कॅबिनेटात नवा बोर्ड मावतो.

आमच्या वर्कशॉपात इंची आटे आणि मेट्रिक आटे एकत्र असायचे तेव्हा रोज एक तरी बोल्ट वाया जायचा. कुणीतरी माप ठरवावंच लागतं. ते भांडून ठरत नाही, बसून ठरतं.

कसबा_बावडा_११:
काका, तुमचं जुनं सगळं मान्य, पण मुद्दा आजचा हाय.

मी अजून एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्स १०६० कार्डावर खेळतोय. डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र मोठं करून गेम जोरात पळवायचं तंत्र, आलं तेव्हा एनव्हिडियानं सांगितलं, आरटीएक्स घ्या. म्हणजे ज्यांचं कार्ड पैसे देऊन घेतलं त्यांनीच दार लावलं. जून २०२१ ला एएमडीनं तसंच एफएसआर काढलं आणि ते माझ्या १०६० वर चाललं! माझ्या कार्डाला जीवदान त्याच्या स्पर्धकानं दिलं भावा. हे सहकार्य न्हाई, ही ईर्षा हाय.

फ्रीसिंकचंही तेच, म्हणजे मॉनिटर आणि कार्डाची गती जुळवायचं एएमडीचं तंत्र. एनव्हिडियानं २०१३ ला त्याच कामासाठी जी-सिंक आणलं, मॉनिटरमध्ये वेगळं मॉड्यूल, त्याचे वेगळे पैसे. व्हेसानं २०१४ ला अडॅप्टिव्ह-सिंक खुलं केलं, एएमडीनं ते उचलून स्वस्त मॉनिटर बाजारात आणवले. शेवटी जानेवारी २०१९ ला एनव्हिडियानं मान खाली घालून त्याच मॉनिटरना पाठिंबा दिला. फुलेवाडीकर बरोबर हायत.

उद्यमनगर_मिस्त्री:
अरे बाळा, व्हेसा म्हणजे काय? मॉनिटर आणि कार्डवाल्या कंपन्यांची सामाईक संस्थाच ना? तुझं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. एएमडीचं मँटल, म्हणजे गेमनं कार्डाशी बोलायची भाषा, तेही घे. २०१३ ला एकट्यानं काढलं, पण कामाला आलं कधी? ख्रोनोस या सामाईक संस्थेला दिलं आणि सगळ्यांनी बसून त्यातनं २०१६ ला व्हल्कन काढलं तेव्हा. आज लिनक्सवर प्रोटॉन या सॉफ्टवेअरनं विंडोजचे गेम चालतात ते त्याच व्हल्कनच्या जिवावर.

फुलेवाडीकर:
व्हल्कन चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण एएमडी मागं होती म्हणून तिनं ते सोडलं. पुढं असती तर कुलपात ठेवलं असतं. आणि बसून ठरवलेलं सगळं चांगलंच असतं का? १६ पिनांचा तो पॉवर कनेक्टर बघा. ६०० वॅटपर्यंतचा, पीसीआयवाल्या सामाईक संस्थेच्या शिक्क्याचा. २०२२ ला एनव्हिडियाचं ४०९० कार्ड आलं आणि लोकांचे कनेक्टर वितळायला लागले. मग २०२३ ला सुधारित आवृत्ती. सगळ्यांनी मिळून ठरवलं की चूक कुणाची हे कुणीच सांगत नाही.

शाहूपुरी_रिग:
वितळण्याचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका, कारण त्या बड्या लोकांच्या करारापेक्षा हे मोठं आहे.

माझं कार्ड पावसाळ्यात गेलं. वीज येरझाऱ्या घालत होती, एकदा लाइट आली ती डोळे दिपतील अशी, आणि स्क्रीन काळी. वॉरंटी शिल्लक. दुकानात दिलं, दुकानानं पुढं पाठवलं, पुढच्यानं आणखी पुढं. शेवटी उत्तर आलं, बोर्डवर जळाल्याची खूण आहे, वॉरंटीत बसत नाही. अहो, जळल्याशिवाय कार्ड बिघडतं कसं? कोल्हापुरात एकही माणूस नाही ज्याच्यासमोर कार्ड टेबलावर ठेवून भांडता येईल. इथल्या दुकानांना विकताना तोंड असतं, नंतर नसतं. एकत्र यायचंच असेल तर कंपन्यांनी वॉरंटीवर एकत्र यावं. प्रत्येक जिल्ह्याला एक सामाईक केंद्र काढावं.

राजारामपुरी_काउंटर:
मी दुकानदार आहे, नाव घालत नाही. पण "तोंड नसतं" हे वाक्य मागं घ्या.

कार्डावर आम्हाला सुटतं काय ते माहीत आहे? ऑनलाइनचा भाव दाखवून तुम्ही घासाघीस करता, बिघडलं की मात्र ऑनलाइनवाल्याच्या दारात जात नाही, आमच्या दारात येता. वॉरंटी कंपनीची, मधला वितरक वेगळा, माल पुण्या-मुंबईला जातो. नाकारायचं का बदलायचं हे ठरवणारा मी नाही. कुरिअर आणि बॉक्स बऱ्याचदा माझ्या खिशातनं.

आणि तुमच्या घरात अर्थिंग आहे का? गावातल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात त्या ह्यामुळं. पन्नास हजारांचं कार्ड घेता आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, नाव नसलेला. अॅक्टिव्ह पीएफसीचा चांगला एसएमपीएस घेतलाच तर त्याच्यामागं घरातला जुना चौकोनी वेव्हचा इन्व्हर्टर. लाइट गेली की इन्व्हर्टरवर जाताना मशीन धाडकन बंद. मग फोन, "कार्ड खराब दिलंसा."

शाहूपुरी_रिग:
माझं अर्थिंग व्यवस्थित आहे. यूपीएस प्युअर साइन वेव्ह आहे. न बघता लोकांच्या घरातल्या वायरी मोजू नका. वाक्य मागं घेणार नाही.

राजारामपुरी_काउंटर:
मग यूपीएस असताना कार्ड "लाइट डोळे दिपतील अशी आली" म्हणून गेलं कसं? काहीतरी एक खरं सांगा.

शाहूपुरी_रिग:
यूपीएस नंतर घेतला! कार्ड गेल्यावर! माणूस एकदा पोळला की शहाणा होतो, तेवढं तरी कळू द्या.

कसबा_बावडा_११:
माझ्या मावसभावानं दुबईहून कार्ड आणलं, इथं वॉरंटीच लागत न्हाई म्हणाले. तोच डबा, तीच कंपनी, तेच मॉडेल. दर परवडंना म्हणून लोक भाइरनं आणतात, आणि मग ही तऱ्हा. जगभर एकच सॉकेट चालतो तर वॉरंटी का चालत न्हाई?

मंगळवार_पेठ_ताई:
शाहूपुरी, चिडून काही होणार नाही, कागद करा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आधी तिथं तक्रार नोंदवा. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग कोल्हापुरातच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. पूर्वी कंपनीच्या गावाला पळावं लागेल ह्या भीतीनंच लोक गप्प बसायचे.

माझ्या भावाच्या कार्डाचं असंच झालं होतं, तेही "जळाल्याची खूण". आम्ही त्यांच्याकडं एकच मागितलं: खूण बाहेरच्या दाबामुळं पडली की आतला भाग फुटल्यामुळं, हे लिहून द्या, फोटोसकट. लिहून द्यायला कुणी तयार होईना. नोटीस गेल्यावर बदली कार्ड आलं. काउंटरदादा, तुमच्यावर राग नाही. पण गिऱ्हाईक माल देतं तेव्हा त्याच्यासमोर फोटो काढून, सिरियल नंबर टाकून पावती देत जा. आम्ही जिंकलो ते त्या पावतीवर.

राजारामपुरी_काउंटर:
ताई, हे मान्य. पावती देतो, फोटो काढत नव्हतो. उद्यापासून काढतो. पण मग कार्ड उघडून पेस्ट बदलून आणणाऱ्यांनाही सांगा, की फोटोत तोडलेला स्टिकरही दिसणार.

फुलेवाडीकर:
विषय वॉरंटीवर गेला, जाऊ दे, कारण त्यातनंच माझा मुद्दा पक्का होतो. सॉकेट एक करायला ह्या कंपन्या लगेच बसतात, कारण त्यानं माल जास्त खपतो. वॉरंटी एक करायला कुणी बसणार नाही, कारण त्यानं खर्च वाढतो. आणि रॅमचं आत्ताचं बघा. जगात मोठे तीनच उत्पादक, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. तिघांनाही एआयच्या सर्व्हरसाठी मेमरी विकण्यात जास्त पैसा. डिसेंबर २०२५ ला मायक्रॉननं क्रुशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ह्यात संगनमत आहे असं मी म्हणत नाही, पण दुकानं जितकी कमी तितके आपण लाचार. म्हणून इंटेल-एनव्हिडिया जवळ आले की मला भीती वाटते ती इंटेलच्या आर्क कार्डांची. २०२२ ला तिसरा खेळाडू आला, स्वस्त कार्डात जीव आला. आता ज्याच्याशी लढायचं त्याचाच पैसा घरात. लढणार कशाला?

सॉकेट आणि यूएसबीचं मिस्त्रीकाकांचं म्हणणं मी मान्य करतो, तेवढंच. माप एकत्र ठरवा. माल वेगवेगळा विका.

उद्यमनगर_मिस्त्री:
एवढं मान्य केलंत तर भांडण कशाला लावलं होतंत? आर्कची भीती मलाही आहे, ते कबूल. पण इंटेल बुडाली असती तर आर्क वाचलं असतं काय? आणि ऑक्टोबर २०२४ ला इंटेल आणि एएमडी ह्या दोन हाडवैऱ्यांनी एक्स८६ साठी, म्हणजे दोघांच्या प्रोसेसरच्या सामाईक सूचनासंचासाठी, सल्लागार गट काढला, तो विसरू नका. दोघांच्या प्रोसेसरवर सूचना सारख्या चालल्या तर गेम करणाऱ्याला दोनदा झिजायला लागत नाही. ते मला हवंच आहे. उद्या त्याच टेबलावर भाव ठरायला लागले तर तक्रारीवर पहिली सही माझी घ्या.

शाहूपुरी_रिग:
ताई, १९१५ ला लावला. तक्रार नंबर मिळाला. काउंटर, माझं कार्ड तुमच्या दुकानातलं नव्हतं, तेवढं सांगतो. बाकीचं वाक्य तसंच.