बंदीची मुदत संपलेल्या खेळाडूला पुन्हा स्पर्धेत उतरू द्यावे का?

मध्यमपल्ला (प्रश्न):

मी गेली अनेक वर्षे ८०० आणि १,५०० मीटरच्या धावपटूंना शिकवतो. आमच्या क्लबची एक धावपटू स्टेरॉइडच्या सेवनाबद्दल चार वर्षांची बंदी भोगते आहे आणि तिची मुदत आता संपत आली आहे. बंदीचे शेवटचे दोन महिने किंवा एकूण मुदतीचा शेवटचा चतुर्थांश, यांपैकी जो काळ कमी असेल त्या काळात खेळाडूला क्लबच्या सरावात परतता येते, त्यामुळे हा निर्णय स्पर्धेच्या दिवसापर्यंत लांबवता येणार नाही. तिने क्लबमध्ये परतण्यासाठी अर्ज केला आहे आणि कार्यकारिणीने माझे लेखी मत मागवले आहे.

माझी अडचण अशी की, त्या वेळी तिच्या मागे दुसरी आलेली मुलगी आजही माझ्याच गटात सराव करते. निकाल बदलल्यावर सुवर्णपदक तिला मिळाले, पण ते दीड वर्षाने, टपालाने आलेल्या एका खाकी पाकिटातून. ते पाकीट तिने माझ्यासमोर फोडले. आत पदक होते, सोबत पत्राची एक ओळसुद्धा नव्हती. फितीला घड्या पडल्या होत्या आणि ती मुलगी काही न बोलता बराच वेळ बोटांनी त्या घड्या सरळ करत राहिली. शिक्षा पुरी भोगलेल्या माणसाला दारात अडवणे मला अन्यायाचे वाटते, आणि दार उघडले तर या मुलीच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, हे समजत नाही. आपले मत कारणांसह लिहावे.

लवाद-वाचक:

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सोडवून घेतलेले बरे. बंदी संपल्यावर तिला स्पर्धेत उतरता यावे का, हा पहिला प्रश्न. आणि तो जवळजवळ निकालात निघालेला आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००८ मध्ये असा नियम केला होता की, उत्तेजक सेवनाबद्दल सहा महिन्यांहून अधिक बंदी झालेल्या खेळाडूला पुढच्या ऑलिंपिकमध्ये भाग घेता येणार नाही. अमेरिकेचा ४०० मीटरचा धावपटू लाशॉन मेरिट याच्या प्रकरणातून तो नियम क्रीडा लवादापुढे, म्हणजे खेळांतील तंटे सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायपीठापुढे, गेला आणि २०११ मध्ये रद्द झाला. ब्रिटिश ऑलिंपिक संघटना तर अशा खेळाडूंना आपल्या संघात तहहयात घेत नसे. तो नियमही लवादाने २०१२ मध्ये मोडीत काढला आणि पूर्वी बंदी भोगलेला ब्रिटिश धावपटू ड्वेन चेंबर्स त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये धावला. दोन्ही निकालांचा आधार एकच होता: जागतिक उत्तेजकविरोधी संहितेवर, म्हणजे सर्व खेळांसाठीच्या समान नियमावलीवर, ज्यांनी सही केली आहे, त्यांना संहितेत सांगितलेल्या शिक्षेवर स्वतःच्या पदरची आणखी एक शिक्षा चढवता येत नाही.

मला हे तत्त्व योग्य वाटते. शिक्षा कमी वाटत असेल तर ती सर्वांसाठी आणि आधीच वाढवावी. तसे झालेलेही आहे. हेतुपुरस्सर केलेल्या सेवनाच्या पहिल्या गुन्ह्यासाठी पूर्वी सर्वसाधारणपणे दोन वर्षांची बंदी असे, ती २०१५ पासून चार वर्षांची झाली. चार वर्षे म्हणजे एक ऑलिंपिक हमखास हुकणे, आणि धावपटूच्या आयुष्यात तो काळ थोडा नव्हे.

दुसरा प्रश्न, आपण तिला शिकवावे का, हा मात्र संहितेचा नसून आपला आहे. स्पर्धेत उतरण्याचा हक्क तिला आहे. विशिष्ट प्रशिक्षकाकडून शिकण्याचा हक्क मात्र कोणालाच नसतो.

जुनी लांबउडीपटू:

वरचे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बिनचूक आहे, तरीही मला ते पटत नाही, कारण बंदी संपते म्हणून औषधाचा लाभही संपतो, असे त्यात गृहीत धरले आहे. ओस्लो विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांना १४ दिवस टेस्टोस्टेरॉन हे स्टेरॉइड दिले. स्नायूंचे तंतू जाडजूड झाले आणि त्यांतील पेशीकेंद्रांची संख्याही वाढली. औषध थांबवल्यावर तंतू पूर्वीइतके बारीक झाले, पण वाढलेली पेशीकेंद्रे निदान तीन महिने, म्हणजे उंदराच्या आयुष्याच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक काळ, तशीच राहिली. पुढे त्या स्नायूंवर भार टाकला तेव्हा अवघ्या सहा दिवसांत ते झपाट्याने वाढले आणि औषध न मिळालेल्या उंदरांचे स्नायू मागे पडले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळते. तरीही अमेरिकेचा धावपटू जस्टिन गॅटलिन उत्तेजकांसाठी दोन वेळा बंदी भोगून परत आला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ९.७४ सेकंदांत १०० मीटर धावला आणि २०१७ मध्ये लंडनला विश्वविजेता झाला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्या प्रेक्षकांना मी दोष देऊ शकत नाही.

आणि त्या खाकी पाकिटाविषयी. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये गोळाफेकीचे सुवर्ण बेलारूसच्या नादझेया अस्तापचुकला मिळाले आणि ती दोषी आढळल्यावर न्यूझीलंडच्या व्हॅलेरी ॲडम्सकडे गेले. ॲडम्सच्या गळ्यात ते पदक निदान ऑकलंडमधील एका समारंभात, तिच्या माणसांसमोर घातले गेले. आपल्या मुलीच्या वाट्याला तेवढेही आले नाही. परत येणाऱ्या मुलीच्या हक्कांविषयी आपण सगळे इतक्या काळजीने लिहितो आहोत. या दुसऱ्या मुलीचे म्हणणे अजून कोणी विचारले आहे का?

स्टेरॉइड जाणूनबुजून घेतल्याचे सिद्ध झाले, तर पहिल्याच वेळी आजन्म बंदी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नमुना-संकलक:

मी काही वर्षे स्पर्धांमध्ये लघवीचे नमुने गोळा करण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शर्यत संपल्यावर खेळाडूला कळवले जाते आणि तेव्हापासून नमुना देईपर्यंत कोणी ना कोणी त्याच्यासोबत असते. नमुना त्याला आमच्या डोळ्यांसमोर, अंगावरचे कपडे बाजूला सारून द्यावा लागतो. निदान ९० मिलिलिटर लघवी हवी असते. शर्यतीत घाम गाळून कोरड्या पडलेल्या शरीरातून ती निघायला कधी दोन-दोन तास लागतात. मग तोच बाटल्यांचा संच निवडतो, तोच अ आणि ब बाटलीत नमुना ओततो, तोच झाकणे फिरवून बंद करतो आणि क्रमांक जुळवून पाहतो. शेवटी गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधे आणि पूरक आहार अर्जावर लिहायचा असतो. या रकान्यापाशी अनेकांचा हात थबकतो. खोकल्याचे औषध, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, कोणीतरी दिलेली प्रथिनांची पूड... एक मुलगी तर हुंदके देत मला विचारत होती की, आईने दिलेल्या काढ्याचे नाव काय लिहू.

शरीरात सापडलेल्या प्रत्येक पदार्थाची जबाबदारी खेळाडूचीच, हे नियमाचे मूळ आहे आणि ते तसेच असायला हवे, नाहीतर एकही प्रकरण टिकणार नाही. पण त्याच कारणाने मला आजन्म बंदीचे भय वाटते. अमेरिकेची जलतरणपटू जेसिका हार्डी २००८ मध्ये क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या औषधासाठी दोषी आढळली आणि बीजिंग ऑलिंपिकला मुकली. पदार्थ दूषित पूरक आहारातून आल्याचे मान्य होऊन तिची बंदी एका वर्षावर आली आणि लंडनला तिने रिलेत पदके मिळवली. हेतू सिद्ध करणे आणि नाकारणे, दोन्ही किती कठीण असते ते मी जवळून पाहिले आहे. शिक्षा आजन्म असेल, तर शंकेचा फायदा देण्याकडे निवाडा करणाऱ्यांचा कल वाढेल आणि मुरलेले अपराधीच त्यातून सुटतील.

दुसरे कारण मला याहून मोठे वाटते. गोळी खेळाडूच्या हातात कोणीतरी ठेवलेली असते, आणि तो माणूस बहुतेक वेळा पुढच्या मुलाकडे जातो. संहितेप्रमाणे खेळाडूने इतरांचा गुन्हा उघडकीस आणायला भरीव मदत केली, तर त्याच्या बंदीचा तीन-चतुर्थांशापर्यंतचा भाग स्थगित होऊ शकतो. परतीची वाटच बंद केली, तर तो तोंड कशासाठी उघडेल? ब्रिटिश सायकलपटू डेव्हिड मिलरने ईपीओ (रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे औषध) घेतल्याची कबुली दिली, दोन वर्षांची बंदी भोगली आणि परतल्यावर तो उत्तेजकांविरुद्ध इतके उघडपणे बोलू लागला की, पुढे त्याला जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या खेळाडू समितीवर घेतले गेले. उलट कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन स्टेरॉइडसाठीची बंदी भोगून १९९१ मध्ये परतला आणि १९९३ मध्ये पुन्हा सापडला. दोघांनाही दार उघडले होते. म्हणून तिला एवढेच विचारा की, ते औषध कोणी दिले आणि हे तिने कोणाला सांगितले आहे का. शिकवायचे की नाही, हे तिच्या उत्तरावरून ठरवा.

मध्यमपल्ला:

सर्वांचे मनापासून आभार. लांबउडीपटू ताईंचा प्रश्न मला लागला, कारण दुसऱ्या मुलीला मी खरोखरच विचारले नव्हते. काल सरावानंतर विचारले. ती म्हणाली, "सर, ती धावली तर धावू दे, मी तिला मागे टाकीन. पण माझे पदक मला याच मैदानावर, सगळ्यांसमोर हवे आहे." त्यामुळे कार्यकारिणीला लिहायच्या पत्राचा पहिला परिच्छेद त्या पदकाविषयी असेल, आणि परतणाऱ्या मुलीचा अर्ज दुसऱ्या परिच्छेदात येईल. स्पर्धेत उतरण्याला माझी हरकत नाही, असे त्यात स्वच्छ लिहिणार आहे.

शिकवण्याविषयी अजून लिहिलेले नाही. आज सकाळी तिला बोलावून नमुना-संकलकांनी सुचवलेला प्रश्न विचारला. औषध देणाऱ्याचे नाव तिने आजवर कोणालाही सांगितलेले नाही. तो माणूस अजून मुलांना शिकवतो का, असे विचारल्यावर तिने मान खाली घालून होकार दिला. नाव चौकशी अधिकाऱ्यांना कळवल्याशिवाय मी तिला माझ्या गटात घेणार नाही, असे सांगितले आहे. तिने उत्तरासाठी आठ दिवस मागितले आहेत.