कॅसिनोतील टिपांचे वाटप आणि प्रलोभने : कायद्याच्या माहितीसाठी मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. माझा भाचा पणजीला मांडवी नदीतल्या एका कॅसिनो जहाजावर डीलर (टेबलावर पत्ते वाटून डाव चालवणारा कर्मचारी) आहे. डाव जिंकलेले गिऱ्हाईक खूश होऊन टीप म्हणून एखादी चिप (पैशांऐवजी खेळात वापरायची चकती) पुढे सरकवते, तेव्हा ती टेबलालगतच्या कुलूपबंद पेटीत टाकावी लागते. परंतु महिनाअखेरीस त्यातले किती, कोणाला आणि कोणत्या हिशेबाने मिळाले, हे कर्मचाऱ्यांना लेखी कळवले जात नाही, आणि रात्रभर उभे राहून काम करणाऱ्या मुलांवर हा उघड अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये टिपांच्या वाटपाचा २०२३ चा कायदा १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू असून, त्यानुसार मालकाला कर वगळता काहीही कापता येत नाही आणि नोंदी तीन वर्षे ठेवाव्या लागतात. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्याच्या कलम १३-अ खाली कॅसिनोंना परवानगी मिळते. त्या परवान्याच्या अटींत टिपांविषयी काही बंधन आहे का? शिवाय प्रवेशशुल्कातच जेवण, मद्य आणि रोखीत न बदलता येणाऱ्या चिपा देऊन माणसाला खेळाकडे ओढले जाते, त्यावर काही मर्यादा आहे का? तक्रार कामगार आयुक्तांकडे करावी की अन्यत्र, आणि भाच्याचे नाव उघड न होता ती करता येईल का, हे कामगार कायद्याच्या जाणकारांनी कृपया सांगावे.