आडून बोलणं: तुमच्या घरातले किस्से सांगा

आमच्या आजोबांचं नाव शंकर. त्यामुळे आजीने जन्मभर शंकरपाळ्यांना 'चौकोन्या' म्हटलं. रेशनकार्डाच्या वेळी कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा 'ज्याला बेल वाहतात तो' एवढं सांगून ती गप्प बसली. त्याने 'महादेव' लिहून टाकलं आणि पुढे दोन पिढ्या दुरुस्तीचे अर्ज करत राहिल्या. नाव न घेणं, अशुभ न उच्चारणं, नकार न देता नाही म्हणणं, मांजराला बोलून सुनेला ऐकवणं… तुमच्याकडे काय काय चालायचं, अजून चालतं? लिहा. पुणेकर आणि चहा सोडून काहीही चालेल, ते पुरेसं झालंय.

———

चौकोन्या! माझ्या सासूबाई तुळशीशी बोलतात. लग्न झालं त्या वर्षी सकाळी पाणी घालताना हमखास ऐकू यायचं, 'काही घरांत म्हणे सात वाजले तरी अंथरुणं निघत नाहीत, बाई.' मला नणंद नाही, म्हणून 'लेकी बोले सुने लागे'मधली लेक तुळस झाली. सुरुवातीला मी रडले. मग मीही कुकरशी बोलायला लागले. 'काय रे, रात्री भांडी घासून बारा वाजतात ते कुणाला दिसतं का?' त्यावर तुळशीपाशी उत्तर आलं, 'उद्यापासून भांड्यांना बाई बघते हो.' आणि खरंच बघितली. आमचं समोरासमोर भांडण कधी झालंच नाही. झालं असतं तर एकीला तरी हार खावी लागली असती. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, कुकरचं बोलणं पोचत नाही. टोमणा काही ओरडून मारता येत नाही, म्हणून मी सरळच बोलते. त्यांना ते फार उद्धट वाटतं.

———

बाजारातलं चालेल का? सांगोल्याच्या बैलबाजाराला वडलांबरोबर जायचो. खिलार खोंडाचा सौदा तोंडाने व्हायचाच नाही. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, आणि वडील उपरण्याखाली हातात हात घालायचे आणि बोटं दाबायचे. तोंडाने मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. दाबलेलं बोट शंभराचं की हजाराचं, ते जनावराकडे बघून दोघांनाही ठाऊक. भोवती एवढी माणसं उभी, पण आकडा कुणाला कळत नसे. सौदा फिसकटला तरी बैलाचा भाव पडायचा नाही, पुढच्या गिऱ्हाइकाशी पहिल्यापासून सुरुवात.

———

सराफाकडे मंगळसूत्र घेऊन गेले. म्हटलं, 'वाढलंय, जोडून द्या.' काउंटरवरचा मुलगा मराठीच, पण त्याने टेप काढला आणि विचारलं, 'किती इंच वाढवायचंय?' 'तुटलंय' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. शेवटी दोन्ही टोकं त्याच्यासमोर धरली.

———

मालवणकडचा. रात्रीचं आमच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत, 'जनावर' म्हणतात. मुंबईच्या पाव्हण्यांना आजी म्हणाली, 'भायर जनावर आसा.' ते कुत्रं समजून नुसत्या हाताने हाकलायला गेले. वाचले.

———

जर्मनीहून लिहिते आहे. आई इथे आली होती. सोफ्यावर बसून म्हणाली, 'खिडकीतून बरंच गार येतंय, नाही?' माझी मुलगी इथेच वाढलेली, मराठी उत्तम बोलते. ती 'हो ना आजी' म्हणाली आणि वाचत राहिली. आईने मुकाट्याने शाल घेतली. रात्री दोघींनीही स्वतंत्रपणे माझ्याकडे तक्रार केली. आईचं म्हणणं, पोरीला वळण नाही. पोरीचं म्हणणं, आजीला खिडकी लावून हवी होती तर तिने सांगितलं का नाही? मला दोघींचंही पटलं. आपल्याकडे ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, आणि मीही तिला शिकवलेलं नाही. पुस्तकं लावून ते येतही नसावं.

———

नकाराचा एक नमुना माझ्याकडून. भाच्यासाठी स्थळ पाहिलं, कांदेपोहे झाले. आठवड्याने फोन आला, 'पत्रिका जुळत नाही हो, नाहीतर आम्हाला फार पसंत होतं.' आम्ही पत्रिका दिलीच नव्हती. ताई तेवढ्याच गोडीत म्हणाली, 'हो ना, आमच्याही गुरुजींनी तेच सांगितलं.'