काळ्या कार्डावरचे पांढरे कण
ताई, हीट एम्बॉसिंग करताना, म्हणजे शाईच्या ठशावर पावडर टाकून ती वितळवून उठावाची नक्षी करताना, काळ्या कार्डावर ठशाभोवती पावडरचे पांढरे कण चिकटून राहतात आणि बारीक रेषा तुटतात, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी हीट गनला, म्हणजे पावडर वितळवणाऱ्या गरम हवेच्या यंत्राला, दोष दिलाय. मला कारण त्याआधीचं वाटतं. आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या कोरड्या हवेत कागदावर स्थिर वीज साठते आणि एम्बॉसिंग पावडर तिथे ओढली जाते. ठसा मारण्याआधी टाल्कम पावडरची छोटी पुरचुंडी कार्डावरून हलकेच फिरवा. खरंच हलकेच, जास्त झाली तर शाई कागदाला नीट धरत नाही. तरी उरलेले कण गरम करण्यापूर्वी कोरड्या बारीक ब्रशने काढा; वितळले की निघत नाहीत.

रेषांचं म्हणाल, तर शाई एम्बॉसिंगची किंवा पिगमेंटचीच हवी, ती हळू वाळते. वैशाखात आपल्याकडे तीही पटकन सुकते, म्हणून ठसा मारला की लगेच पावडर टाका. तेवढा वेळ कूलर बंद! नाजूक नक्षीला बारीक दाण्याची डिटेल पावडर घ्या.

हीट गनऐवजी हेअर ड्रायर वापरायचा सल्ला कुणी दिला तर मात्र ऐकू नका. वारा जोराचा, उष्णता कमी. पावडर नुसती उडते. गन आधी बाजूला धरून तापवा, मग कार्डाखालून आच द्या. पावडर चमकली की पुढे सरका, जास्त तापली तर कागदात मुरते आणि उठाव जातो.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) कार्डावर झोका सोनेरी आणि गौराई पांढरी हवी असेल, तर आधी झोका पूर्ण वितळवून थंड होऊ द्या, मगच गौराईचा ठसा मारा.