'मानभावी' म्हणजे नक्की काय?

मधली_सून: काल वीस माणसं जेवून गेली. मी ओटा पुसत होते, तेवढ्यात जाऊबाई दारात टेकून, अगदी हळव्या आवाजात म्हणाल्या, "किती गं दमतेस, मला बघवत नाही." मदतीला हात काही पुढे आला नाही. त्या गेल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "काय मानभावी आहे!" लेकीनं लगेच विचारलं, मानभावी म्हणजे? मान अधिक भाव? मी अडकले. ढोंगी म्हणजेच मानभावी का?

शब्दखोर: नाही हो. ढोंग कशाचंही करता येतं, पोटदुखीचंसुद्धा. मानभावीपणाला गरीब चेहरा आणि मऊ आवाज लागतो. मानभावी माणूस कधी ओरडत नाही, हीच तर पंचाईत! रागाचं नाटक असेल तर लटका राग किंवा कृतककोप. वर्षभर ढुंकून न पाहणाऱ्याला अचानक माया फुटली, तर पुळका. तुमच्या जाऊबाईंना शब्द चपखल बसला.

आजोळकर: चपखल बसला, पण तो आला कुठून तेही ऐका. मानभाव हे महानुभावचं बोलण्यात झिजलेलं रूप. चक्रधरस्वामींचा, 13व्या शतकातला पंथ. माझं आजोळ महानुभाव. दारात कुणीही आलं की आजी हात जोडून "दंडवत प्रणाम" म्हणायची, आणि ते तोंडदेखलं नसायचं. शाळेत 'मानभावी = ढोंगी' असं लिहून घेतलं, तेव्हा ती वही मी सुट्टीत आजोळी नेली नाही.

'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण नीट वाचा. पंथ कडक अहिंसा पाळणारा, म्हणून कसाबासमोर मानभाव उभा केला. म्हणीत खोटा आहे तो मानभावासारखं बोलून कसाबासारखं वागणारा. मानभाव बिचारा फक्त उपमेला आलेला! लोकांनी पंथावरचा रागही त्यात मिसळला आणि शिवी मात्र उपमेलाच चिकटली. ज्यांच्या लीळाचरित्रातून जुनी मराठी आपल्याला वाचायला मिळते, त्यांच्या नावाची ही गत.

शब्दखोर: म्हण शंभरदा वापरली असेन, असा विचार कधी केला नव्हता. मग 'साळसूद' वापरा. तोही गोडच दिसतो.

मधली_सून: लेकीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे काकूनं निदान दंडवत तरी घालायला हवा होता."