अस्सल रंग देऊनही लहान मापाची विमाने आणि जहाजे टेबलावर काळपट का दिसतात?

हेलकावा:

नमस्कार. अमेरिका आणि जपान यांच्या नौदलांत झालेल्या मिडवेच्या लढाईचा, विशेषतः ४ जून १९४२ या दिवसाचा डाव टेबलावर मांडता यावा म्हणून गेले काही महिने मी दोन्ही बाजूंची विमाने आणि जहाजे रंगवत आहे. विमाने १/६०० मापाची आहेत, त्यामुळे झीरो या जपानी लढाऊ विमानाचा बारा मीटरचा पंखविस्तार जेमतेम दोन सेंटिमीटर भरतो. जहाजे १/३००० मापाची असून सुमारे २६० मीटर लांबीची जपानी विमानवाहू नौका अकागीसुद्धा त्यात नऊ सेंटिमीटरांहून थोडी कमीच होते.

रंगांच्या बाबतीत मी तडजोड केलेली नाही. डॉन्टलेस या अमेरिकी बॉम्बफेक्या विमानाच्या वरच्या अंगाला निळसर करडा आणि खाली फिका करडा, झीरोला फिका हिरवट करडा आणि इंजिनाच्या आवरणाला काळा, असे सर्व रंग त्या त्या नौदलाच्या छटेशी ताडून घेतलेले आहेत. दिव्याखाली भिंग लावून पाहिले की काम मनासारखे झाल्याचे समाधान मिळते. मात्र तीच विमाने समुद्राच्या निळ्या कापडावर मांडून दोन पावले मागे सरकलो, की अमेरिकी ताफ्याचे नुसते काळपट ठिपके उरतात आणि जहाजे तर कापडात विरघळूनच जातात. गेल्या डावात समोरच्या खेळाडूने माझेच बॉम्बफेके विमान आपले समजून उचलले आणि दिमाखात माझ्याच जहाजावर नेले. त्याला दोष तरी कसा द्यावा!

रंग फिके करावेत असे सुचते, पण मग एवढा अभ्यास करून निवडलेल्या छटांचा उपयोग काय, असाही प्रश्न पडतो. शिवाय डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) लावल्यावर त्यांच्या कडेला चंदेरी चकाकी राहते, तिचे कारणही जाणकारांनी सांगावे.

निळाकरडा:

आपल्या छटा बरोबर आहेत. त्या किती अंतरावरून पाहायच्या आहेत हे गणित मात्र राहून गेले आहे. १/६०० मापाचे विमान आपण एक मीटरवरून पाहतो तेव्हा खरे विमान ६०० मीटरवरून पाहिल्यासारखे असते, आणि १/३००० मापाचे जहाज तेवढ्याच अंतरावरून पाहणे म्हणजे खरे जहाज तीन किलोमीटरवरून पाहणे होय. मधल्या हवेतील बाष्प आणि धूळ प्रकाश विखुरतात, त्यामुळे दूरची वस्तू फिकी, करडी आणि थोडी निळसर दिसते. टेबलावर मधली हवा एक मीटरचीच असल्यामुळे हा परिणाम आपोआप होत नाही आणि तो रंगातच कालवावा लागतो. त्यात भर म्हणजे आकार जितका लहान, तितका त्यावरून डोळ्यापर्यंत पोचणारा उजेडही कमी, म्हणून दोन सेंटिमीटरच्या तुकड्यावरचा गडद रंग त्याच बाटलीतून पुठ्ठ्यावर ओढलेल्या पट्ट्यापेक्षा अधिक गडद भासतो.

रंग फिका करताना मात्र निव्वळ पांढरा घालू नये, कारण त्याने रंग खडूसारखा मेलेला दिसतो. निळसर करड्यात फिका करडा घालावा आणि हिरव्यात वाळूच्या रंगाची छटा घालावी. प्रमाण किती, याचे ठरीव उत्तर देण्यात अर्थ नाही. मी तीन मिश्रणे करून पुठ्ठ्याच्या विमानाएवढ्या तुकड्यांवर लावतो, ते तुकडे खेळाच्या कापडावर ठेवतो आणि उभा राहून पाहतो. ज्या तुकड्याकडे पाहून ‘हा मूळ छटेचाच आहे’ असे वाटते, तो जवळून पाहिला तर हमखास मूळ छटेपेक्षा बराच उजळ निघतो.

त्यानंतर उजेडाचे काम येते. विमान डोके कापलेल्या खिळ्याच्या टोकाला डिंकाच्या एका थेंबाने पोटाकडून चिकटवावे, म्हणजे बोट न लागता ते सर्व बाजूंनी फिरवता येते. मूळ रंग वाळल्यावर गडद करड्या रंगाचा अगदी पातळ वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग) पंख आणि धड यांच्या सांध्यात व नियंत्रण-फळ्यांच्या रेषांत सोडावा. संपूर्ण पंखावर तो फासू नये, कारण आपल्या विमानांच्या काळपटपणात त्याचाही वाटा असावा अशी मला शंका आहे. शेवटी त्याच रंगाची आणखी उजळ छटा कुंचल्यावर घ्यावी, कुंचला कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि पंखाच्या पुढच्या कडेवर, धडाच्या पाठीवर व शेपटीच्या वरच्या कडेवर हलकेच फिरवावा. वैमानिकाच्या काचेला अनेकजण काळा रंग देतात. त्याऐवजी गडद निळसर करड्यावर आकाशी रंगाचा एक बारीक ठिपका पुढच्या वरच्या कोपऱ्यात दिला, तर दोन पावलांवरूनही ती काच म्हणून ओळखू येते.

कानसवाला:

वरील प्रतिसादातील कृती मला मान्य आहे, परंतु निष्कर्ष पूर्णपणे मान्य नाही. सगळेच फिके केले की झीरो आणि डॉन्टलेस दोन्ही फिकट दिसू लागतील आणि समोरचा खेळाडू पुन्हा आपलेच विमान उचलेल. झीरोचा रंग मुळातच उजळ आहे, त्याला हात लावू नये. काळे आवरण आणि पंखांवरचे लाल गोळे एवढ्यावर ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येते. उजळ करायचे ते फक्त डॉन्टलेस, आणि तेही निळेपणा शिल्लक राहील एवढेच.

आता राष्ट्रचिन्हांबद्दल. आपण अमेरिकी विमानांना कोणती डेकल लावली आहेत ते एकदा तपासावे. १९४२ च्या मे महिन्यापर्यंत अमेरिकी चिन्हात निळ्या वर्तुळातील पांढऱ्या ताऱ्याच्या मध्यभागी लाल ठिपका होता आणि शेपटीच्या सुकाणूवर लाल-पांढरे आडवे पट्टे होते. घाईच्या क्षणी तो लाल ठिपका जपानी लाल गोळ्यासारखा भासे आणि आपलेच गोलंदाज आपल्याच विमानांवर गोळीबार करण्याचा धोका राही, म्हणून मे महिन्यात ठिपका आणि पट्टे दोन्ही काढून टाकण्याचा आदेश निघाला. जूनमधील मिडवेच्या डावात तारा निव्वळ पांढरा हवा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या पट्ट्यांचे चिन्हही नको, कारण ते पट्टे १९४३ च्या मध्यावर आले. तेव्हा आपल्या सोबत्याने केलेली चूक खऱ्या युद्धात नौदलालाही भेडसावत होती आणि नौदलाने तिच्यावर रंगाच्या डब्यानेच उपाय केला. चिन्ह मापापेक्षा किंचित मोठे घेतले तरी या आकारात कोणाला खटकत नाही. मी तर मुद्दाम तसेच घेतो.

डोलकाठी:

विमानांची चर्चा झाली, जहाजे मागेच राहिली. टेबलावरचे जहाज आपण वरून पाहतो, बाजूने जवळजवळ कधीच नाही. तरीही बहुतेकजण कुशीवरच्या छद्मरंगात दोन रात्री घालवतात आणि डेक एका रंगात उरकून टाकतात. उलट करावे. मिडवेच्या बाबतीत तर डेकच सगळे सांगून जातो. अमेरिकी विमानवाहू नौकांच्या लाकडी डेकला निळा रंग मुरवलेला होता आणि जपानी नौकांचा डेक लाकडाच्या रंगाचाच होता. डेकवरचा हा एक फरक नीट दाखवला की कोणती बाजू कोणाची हे विचारावे लागत नाही. हिर्यूच्या डेकवर पुढच्या भागात मोठा लाल गोळा होता. शिवाय अकागी आणि हिर्यू यांचा नियंत्रण-मनोरा डाव्या बाजूला होता, तर कागा आणि सोर्यू यांचा उजव्या, त्यामुळे या चारही जपानी नौका शेजारी ठेवल्या तर त्या बाजूचा उपयोगही ओळखीसाठी होतो.

लाल गोळा कुंचल्याने काढायला जाऊ नये. माझे पहिले तीन गोळे बटाट्यासारखे झाले होते. टूथपिकचे टोक आडवे कापून सपाट करावे, ते पॉलिश पेपरवर घासून गोल करावे, रंगात टेकवून जादा रंग कागदावर टिपावा आणि डेकवर एकदाच सरळ दाबून उचलावे. लाल रंग पातळ असतो आणि लाकडी रंगावर तो विटकरी दिसतो, म्हणून आधी त्याच टोकाने फिका पिवळसर ठसा उमटवून वाळू द्यावा आणि त्यावर लाल द्यावा.

कापडात विरघळणाऱ्या जहाजांना फिके करण्यापेक्षा त्यांच्याखालचा समुद्र बदलावा, असे माझे मत आहे. छद्मरंगाचे कामच दिसू न देणे हे आहे, त्यामुळे तो उत्तम वठला म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही. पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीवर अ‍ॅक्रिलिक जेलचा थर देऊन कुंचल्याने लहान लाटा उठवाव्यात, तो कापडापेक्षा गडद निळसर हिरवा रंगवावा आणि मग जहाजाच्या नाळेपासून (पुढच्या टोकापासून) निघणारा फेस आणि पिछाडीमागचा खवळलेला पांढरा पट्टा काढावा. फेसाच्या दोन बाहू किती फाकवाव्यात याबद्दल लोक मनाला येईल ते करतात. खोल पाण्यात या लाटांचा पंखा मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेएकोणीस अंशांचा असतो आणि सामान्यतः जहाजाच्या वेगाने तो बदलत नाही. लॉर्ड केल्विन यांनी हे गणिताने दाखवले. वेग दाखवायचा असेल तर कोन न वाढवता फेस दाट करावा आणि पिछाडीचा पट्टा लांबवावा. जहाजाभोवती पांढरी कड आली, की करडे जहाजही कापडावरून उठून दिसते.

इटालियन नौदलाने तर याच्याही पुढचे पाऊल टाकले होते. ९ जुलै १९४० रोजी कालाब्रियाजवळच्या लढाईत इटालियन विमानांनी स्वतःच्याच जहाजांवर बॉम्ब टाकले आणि त्यानंतर जहाजांच्या पुढच्या डेकवर लाल-पांढरे तिरपे पट्टे रंगवण्यात आले. भूमध्य समुद्रातील डाव कधी मांडलात तर हे पट्टे अवश्य काढावेत, कारण टेबलावर त्यांच्याइतकी सोयीची ओळख दुसरी नाही.

हेलकावा:

आपणा सर्वांचा आभारी आहे. तपासले तेव्हा बारापैकी चार डॉन्टलेसवर लाल ठिपक्याचीच चिन्हे निघाली. ती एका जुन्या पानावरची उरलेली डेकल होती. पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा प्रयोगही केला. मला आवडलेला तुकडा मूळ छटेपेक्षा इतका उजळ निघाला की मी तो दोनदा उलटून पाहिला. त्या मिश्रणाने सहा विमाने रंगवली असून ती कापडावर स्पष्ट दिसतात. झीरोंना कानसवाला यांच्या सांगण्यावरून हात लावलेला नाही. मनोऱ्यांची बाजू तपासताना मात्र कपाळावर हात मारून घेतला, कारण मी हिर्यूवर सोर्यूचे नाव लिहून ठेवले होते.

एक अपघात घडला. घाईने पावसाळी हवेत मॅट वार्निशचा फवारा मारला आणि दोन विमानांवर पांढुरके धुके बसले. ती पुन्हा खरवडावी लागतील का?

निळाकरडा:

खरवडण्याची घाई करू नये. दमट हवेत फवारलेल्या मॅट वार्निशवर असे धुके येते आणि पुष्कळदा त्यावर चकचकीत वार्निशचा पातळ हात कुंचल्याने दिला की ते नाहीसे होते. पूर्ण वाळल्यावर कोरड्या दिवशी पुन्हा मॅट द्यावे. डेकलच्या चंदेरी कडांचे उत्तरही याच बाटलीत आहे. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, त्या खाचांत डेकलखाली हवा अडकते आणि तीच चकाकते. म्हणून आधी चकचकीत वार्निश द्यावे, ते वाळल्यावर डेकल लावावे, त्यावर डेकल मऊ करणारे द्रावण कुंचल्याच्या टोकाने सोडावे आणि ते सुकेपर्यंत बोट लावू नये, कारण त्या अवस्थेत डेकल सुरकुतलेले दिसते आणि हात लावण्याचा मोह होतो. सर्वांत शेवटी मॅट. आधीच लावलेल्या डेकलला टाचणीने दोन-तीन बारीक भोके पाडून तेच द्रावण सोडले, तर तीही बऱ्याच अंशी बसतात.

डोलकाठी:

हिर्यूचे नाव बदलण्यापूर्वी डेकवरचा लाल गोळा कोणत्या नौकेवर काढला आहे, तेही एकदा पाहून घ्यावे.